पावतीपलीकडचे शहर

30 जून 1857 रोजी चिनहटला बंडखोर शिपायांचा मार खाऊन हेन्री लॉरेन्सची इंग्रज फौज फैजाबाद रस्त्याने, कुकरैलचा पूल ओलांडून लखनौला परतली आणि रेसिडेन्सीत कोंडली गेली. आज त्याच रस्त्याच्या उत्तरेला इंदिरा नगर पसरले आहे. सेक्टर आणि ब्लॉक, भूतनाथचा बाजार, मुन्शी पुलियापर्यंत आलेली मेट्रो. लढाईची कसलीही खूण या वस्तीत दिसत नाही. पण त्या लढाईनंतर इंग्रजांनी शहरांकडे ज्या नजरेने पाहायला सुरुवात केली, ती नजर आपल्या नगर-कारभारात मुरून बसली आहे. शहर कोणाचे आणि त्याच्याविषयी ठरवायचे कोणी, या प्रश्नाची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत आली, हे म्हणूनच नीट पाहायला हवे.

पहिले उत्तर तोफांच्या धाकाने दिले गेले. मार्च 1858 मध्ये लखनौ पुन्हा जिंकल्यावर कर्नल रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनिअरने शहराचा नवा आराखडा केला. गल्लीबोळांत बंडखोर लपतात, म्हणून दाट वस्ती चिरून रुंद, सरळ रस्ते काढायचे, मच्छी भवनच्या किल्ल्याभोवतीची घरे पाडून मैदान मोकळे करायचे. शहराचा फार मोठा भाग असा जमीनदोस्त झाला. बडा इमामबाडा लष्कराच्या ताब्यात गेला. ज्यांची घरे गेली त्यांना कोणी काही विचारले नाही. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी 1984 सालच्या आपल्या ग्रंथात या काळाचा बारकाईने मागोवा घेतला आहे. शहर सुरक्षित हवे, स्वच्छ हवे, त्याने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि राजनिष्ठ राहावे, अशा सरकारच्या अपेक्षा त्यांनी उलगडून दाखवल्या आहेत. या यादीत रहिवाशाचे काम दोनच: नियम पाळणे आणि पैसे भरणे. पुढे म्युनिसिपल कमिटी आली, तिच्या उत्पन्नाचा कणा होता चुंगी, म्हणजे जकात. धान्य, तूप, गूळ, सरपण शहरात आले की नाक्यावर चुंगी लागे. म्हणजे जो जेवत होता तो प्रत्येक जण कर भरत होता. फक्त त्याच्या नावाची पावती कुठे फाटत नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सारा घोळ इथेच सुरू होतो.

दुसरे उत्तर मुंबईतून आले. 1865 च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारनियुक्त कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटला. त्यांनी कामे पुष्कळ केली आणि खर्चही अफाट केला. 1871 मध्ये करदाते बिथरले. पैसा आमचा, तर हिशेब आम्हाला द्या, ही त्यांची मागणी होती. त्यातून 1872 चा कायदा झाला. 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. जो भरतो त्याने ठरवावे, हा विचार हिंदी माणसाच्या हाती आलेले पहिले धारदार हत्यार ठरला. 18 मे 1882 च्या ठरावाने लॉर्ड रिपन यांनी तो विचार देशभरच्या नगरपालिकांकडे नेला. तरी मुंबईत एक गोष्ट हलली नाही. अंमलबजावणीचा अधिकार सरकारने नेमलेल्या कमिशनरकडेच राहिला.

या दुसऱ्या उत्तरातली उणीव आपल्याकडे सर्वांत आधी ओळखली ती महात्मा फुल्यांनी. 1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे म्हणत त्यांनी विरोधात मत दिले. साऱ्या सभागृहात ते मत एकटेच पडले. नव्या मंडईच्या भारी खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. सरकारनेच नेमलेला माणूस सरकारच्या पाहुण्याविरुद्ध उभा राहिला, या धैर्याचे मोल आहेच. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यामागचा हिशेब. तिजोरीतला पैसा ज्यांनी पावतीवर भरला त्यांच्याच सोयीसाठी नाही, तर ज्यांच्या घामातून तो आला त्यांच्यासाठीही आहे, असे फुले सांगत होते.

मग प्लेग आला. 1897 मध्ये पुण्यात रँड यांच्या प्लेग कमिटीच्या हाताखाली गोरे सोल्जर घरे तपासू लागले, माजघरापर्यंत शिरू लागले. मुंबईत 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचे हे नेपियरचे तंत्र आता आरोग्याच्या नावाने परतले. शिवाय ट्रस्टचा कारभार नगरपालिकेबाहेर ठेवला गेला. निवडून आलेल्यांकडे गटारे आणि दिवे राहिले. जमीन कोणाची घ्यायची आणि रेघ कुठून न्यायची, हे दुसरेच कोणी ठरवू लागले. लखनौलाही 1919 च्या कायद्याखाली असाच ट्रस्ट मिळाला.

तसे होण्याआधी, 1916 मध्ये, लखनौपुढे वेगळी वाट उघडली होती. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी तिथल्या नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. पुढे मुंबई विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये शिकले, तेच हे गेडीस. सरळ रेघेखाली येईल ते पाडायचे, ही पद्धत त्यांना अमानुष आणि खर्चिक वाटे. आधी गल्लीत पायी हिंडा, घर-घर पाहा, मोडकळीला आलेले तेवढेच काढा, त्या मोकळ्या जागेत झाड लावा, विहीर आणि देऊळ-मशीद राखा, असे ते आपल्या अहवालांतून सांगत. रहिवाशाकडे अडथळा म्हणून न पाहणारी ती दृष्टी होती. त्याच वर्षी संयुक्त प्रांताचा नवा म्युनिसिपालिटी कायदा झाला आणि त्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेच्या फुटीनंतर काँग्रेसमध्ये परतलेले टिळक लखनौच्या अधिवेशनाला आले आणि लखनौ करार झाला; त्यात काँग्रेसनेही हे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. स्वराज्याच्या दिशेने ते मोठे पाऊल होते. पण एकाच गटाराकाठी राहणारे शेजारी मतपेटीपाशी जमातींत वाटले गेले, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

शहराचा हक्क करात नाही, असण्यातच आहे, हे कृतीने सिद्ध केले महाडने. तिथल्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. कोर्टकज्जा मुंबई हायकोर्टापर्यंत चालला आणि 1937 मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. तळ्यावर कोणी कर भरल्याची पावती दाखवली नव्हती. आम्ही इथली माणसे आहोत, एवढाच दावा होता. घटनेने सार्वत्रिक मताधिकार दिला, तो याच दाव्याला मिळालेले राष्ट्राचे उत्तर.

तरी इंदिरा नगर वसवले ते निवडून आलेल्या नगरपालिकेने नव्हे, तर 1965 च्या कायद्याने झालेल्या आवास विकास परिषदेने. या वस्तीचे आधीचे नाव राम सागर मिश्र नगर. मध्यमवर्गीयांना परवडणारी घरे, रस्ते, उद्याने परिषदेने दिली, हे ऋण मान्यच करायला हवे. पण परिषद काय आणि लखनौ विकास प्राधिकरण काय, कुळी ट्रस्टचीच. 1993 पासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजनही नगरपालिकांच्या कामांत घातले. प्रत्यक्षात महापौर निवडून येतो आणि कारभार चालवतो तो राज्य सरकारने नेमलेला नगर आयुक्त. 1865 चा कमिशनर असा अजून खुर्चीवर आहे.

याचा अर्थ काय होतो, ते 2024 मध्ये कुकरैल नदीकाठी दिसले. नदी मोकळी करण्यासाठी जूनमध्ये अकबरनगर ही वस्ती पूर्ण पाडली. रहिवाशांना जमिनीवर मालकी सिद्ध करता आली नाही. सुप्रीम कोर्टाने पाडकाम उचलून धरले, पर्यायी घरे देण्यास सांगितले, आणि माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसंतकुंजला गेली. जुलैत पंतनगर, रहीमनगर, अबरारनगरच्या घरांवर पाडकामासाठी लाल खुणा झाल्या. तिथले लोक रस्त्यावर आले. आमची रजिस्ट्री आहे, आम्ही घरपट्टी भरतो, असे त्यांनी सांगितले. मुख्यमंत्र्यांनी त्यांच्या प्रतिनिधींना भेटून घरे सुरक्षित असल्याचा शब्द दिला. ती घरे वाचली याचा आनंदच आहे. नदी वाचायला हवी, हेही खरे. पण ज्यांनी वर्षानुवर्षे तिथे राहून भाजी विकली, रिक्षा ओढली, इंदिरा नगरच्या घरांत धुणीभांडी केली, त्यांच्या बाजूने उभा राहील असा कागद कोणी छापलाच नव्हता. पीठ, साबण, रॉकेल घेताना कर तेही देत आले होते, चुंगीच्या काळात त्यांच्या पणज्यांनी दिला तसाच.

करदात्याचा हक्क हा वसाहतकाळात आपल्याला मिळालेला विचार. त्याने आपल्याला सरकारला जाब विचारायला शिकवले, म्हणून त्याचा मान राखावा. पण फुल्यांनी आणि महाडने त्यापलीकडे जाऊन जे कमावले, तिथून मागे फिरायला आपल्याला मुभा नाही. यापुढे नकाशावर रेघ ओढण्याआधी ती प्रभागाच्या उघड्या सभेत मांडली पाहिजे, भाडेकरू आणि झोपडीवाला यांनाही तिथे बोलावले पाहिजे, आणि त्यांनी दिलेले उत्तर निवडून आलेल्या सभागृहावर बंधनकारक असले पाहिजे. हे होईल तेव्हाच नेपियरचा आराखडा खऱ्या अर्थाने रद्द झाला, असे म्हणता येईल.