मनाची साक्ष कितपत मानावी?

कर्तव्याकर्तव्याचा निर्णय करतांना शास्त्र, रूढि आणि वडिलांची शिकवण यांचें ऐकून झाल्यावर शेवटची साक्ष मनाची काढावी, असा आपल्याकडील सुज्ञांचा परिपाठ आहे. परंतु जेथें मन हेंच रोगाचें स्थान आहे, आणि ज्या औषधाविषयीं साक्ष काढावयाची तें औषध साक्षीदाराची वाणीच बदलूं शकतें, तेथें या साक्षीची किंमत काय धरावी? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राच्या वर्गांत सोडविण्याचा नाहीं. पुष्कळ सुशिक्षित घरांत तो आज औषधाच्या डबीबरोबर रोज उघडला जातो.

मनाचे दोन विकार कधीं कधीं एकाच माणसाच्या वांट्यास येतात. पहिला बायपोलर डिसऑर्डर. यांत वृत्ति कधीं विषादाच्या तळाशीं जाऊन बसते, तर कधीं उन्मादाच्या शिखरावर चढते. दुसरा एडीएचडी, यांत लक्ष एका ठिकाणीं ठरत नाहीं, आरंभिलेलें काम तडीस जात नाहीं, आणि वेळेचा अंदाज सदोदित चुकतो. पहिला पाळीपाळीनें येतो, दुसरा लहानपणापासून बारा महिने सोबत करतो. पहिल्यावर उपाय वृत्ति आवरणाऱ्या औषधांचा, दुसऱ्यावर पुष्कळदां उत्तेजक औषधांचा. एकास लगाम पाहिजे, दुसऱ्यास टाच, आणि घोडा मात्र एकच!

उत्तेजकानें चंचल मन स्थिर व्हावें, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु १९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक ३० मुलांस देऊन पाहिलें, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांचें अभ्यासांत लक्ष लागूं लागलें. पुढें १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं लिथियमच्या क्षारांनीं उन्माद शमतो असें प्रसिद्ध केलें. या दोन शोधांच्या वाटा निराळ्या होत्या. आज त्या एकाच रोग्याच्या उशाशीं येऊन मिळतात.

या भेटींतील धोका काल्पनिक नाहीं. स्वीडनमधील सरकारी नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. बायपोलर विकार असून मेथिलफेनिडेट हें उत्तेजक सुरू केलेल्या २,३०७ प्रौढांची त्यांत पाहणी होती. ज्यांस वृत्ति आवरणारें औषध चालू नव्हतें, त्यांच्यांत पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचें प्रमाण, उत्तेजक घेत नसतांनाच्या काळाशीं ताडून पाहतां, सहापटींहून अधिक झालें. ज्यांस तसें औषध चालू होतें, त्यांच्यांत तें वाढलें नाहीं. उलट कमीच भरलें. म्हणूनच जाणते डॉक्टर आधीं वृत्ति स्थिर करतात, आणि गरज उरल्यास मग उत्तेजकाची लहान मात्रा सावकाश वाढवितात. आधीं लगाम, मग टाच, असा हा क्रम आहे.

या विषयावर दोन सोपीं मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, चित्त एकाग्र करणें हा शीलाचा भाग आहे. तें गोळीनें साधण्यांत पुरुषार्थ कोणता? सकाळच्या चहावांचून ज्यांचें वर्तमानपत्रहि उघडत नाहीं, त्यांनीं उत्तेजकाच्या नांवानें नाक मुरडूं नये, असें आम्हांस वाटतें. शिवाय जो माणूस विजेचें बिल भरावयाचें तीन महिने पुढें ढकलतो आणि त्याबद्दल रोज स्वतःसच दूषण देतो, त्याच्या ठिकाणीं इच्छा भरपूर आहे. इच्छेपासून कृतीपर्यंत जाणारा पूल तेवढा खचला आहे. दुसरें मत भीतीचें: उन्मादाचा संभव असेल तर उत्तेजकाचें नांवच नको. हें मत सुरक्षित दिसतें. पण नोकरी सुटणें, परीक्षा अर्धवट राहणें, संसारांतील वचनें मोडणें, यांस हानि म्हणावयाचें कीं नाहीं? न दिलेल्या औषधाचा जमाखर्च कोणी मांडीत नाहीं, एवढ्यावरून तो शून्य ठरत नाहीं.

खरी अडचण याच्या पुढें आहे. औषध लागू पडलें म्हणजे माणूस म्हणतो, "आतां डोकें स्वच्छ झालें, कामें होत आहेत, उत्साह वाटतो." उन्मादाच्या पहिल्या पायरीवर उभा असलेला माणूसहि हेंच म्हणतो, आणि तितक्याच प्रामाणिकपणें. आंतून पाहणाऱ्यास पुष्कळदां फरक दिसत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास थोडा दिसतो. झोप चार तासांवर आली तरी थकवा नाहीं, बोलण्यास श्वास पुरत नाहीं, एका आठवड्यांत तीन नवे बेत आणि त्यांपायीं कर्ज! साक्षीदार खोटें बोलत नाहीं. पण केवळ त्याच्या बोलण्यावरून निकाल देतां येत नाहीं.

मग निकाल घरच्यांनीं द्यावा काय? येथें दुसरा अन्याय सुरू होतो. रोगी मोठ्यानें हंसला कीं पत्नी त्याच्या तोंडाकडे पाहते. त्यानें चार नवीं पुस्तकें आणलीं कीं भाऊ डॉक्टरांचा नंबर शोधूं लागतो. ज्याचा प्रत्येक आनंद लक्षण ठरतो, तो आपल्याच घरांत नजरकैदेंत असतो. असा माणूस लवकरच आपली अवस्था लपवावयास शिकतो, आणि मग बाहेरचीहि साक्ष नाहींशी होते. मनाची साक्ष कधीं कधीं फसवी असते, एवढ्यावरून माणसासच बेभरंवशाचा ठरविणें अन्यायाचें आहे, आणि व्यवहारदृष्ट्या घातकहि आहे.

आमच्या मतें मनाची साक्ष टाकून न देतां, ती केव्हां घ्यावयाची हें ठरवावें. वृत्ति शांत असतांना रोग्यानें, डॉक्टर आणि घरचें एखादें विश्वासू माणूस यांच्या समक्ष, स्वतःशीं करार करावा. सलग इतक्या रात्री झोप इतकी कमी झाली तर मी त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारीन. ही आठवण देण्याचा अधिकार अमक्याचा. इतरांनीं माझ्या हंसण्याबोलण्याची झडती घेऊं नये. यांत घरच्यांस मिळणारा अधिकार रोग्यानेंच दिलेला असतो, आणि म्हणून त्यास मर्यादाहि असते.

कोणी म्हणेल, आजच्या 'मी'नें उद्याच्या 'मी'स बांधून ठेवावें हें कोठलें स्वातंत्र्य? शंका रास्त आहे. ज्या सत्यवतीच्या विवाहासाठीं भीष्मांनीं प्रतिज्ञा केली, तिनेंच पुढें ती सोडण्याची गळ घातली असतां ती सुटली नाहीं; पुढें कुळाचें काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून येथें करार हवा, प्रतिज्ञा नको. करार बदलतां आला पाहिजे. मात्र तो वादळांत बदलूं नये, वारा पडल्यावर बदलावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंहि, निर्णयाची शक्ति गेल्यास आपणांवर कोणते उपचार व्हावे व कोणते होऊं नयेत हें आधीं लिहून ठेवण्याचा, आणि आपला प्रतिनिधि नेमण्याचा, हक्क भारतांतील प्रौढांस दिला आहे. आम्ही सुचविलेला करार घरगुती आहे आणि तशी वेळ येण्याच्या पुष्कळ आधींचा आहे. तत्त्व मात्र एकच. अशा रोग्यास एखादा चांगला दिवस आला, तर तो रोगामुळें, औषधामुळें कीं आपल्या स्वतःमुळें, हें त्यास नक्की सांगतां येणार नाहीं. परंतु तें दर घटकेस तपाशीत बसण्याचें काम त्यानें कागदावर सोंपविलेलें असलें, म्हणजे तो दिवस त्यास कामांत आणि आनंदांत घालवितां येईल.