सोळाव्या वर्षीचा प्रवास आणि घराजवळची सेवा

अमेरिकेतील ज्यू संस्था दर उन्हाळ्यात पंधरा ते सतरा वर्षांच्या शेकडो मुलामुलींना दूरदेशी पाठवतात. यांतल्या बऱ्याच योजनांना फेलोशिप म्हणतात आणि त्यांत दोन गोष्टी अनेकदा एकत्र येतात: प्रवास आणि समाजसेवा. मुलांनी जग पाहावे आणि पाहता पाहता कुणाच्या उपयोगी पडावे, असा त्यामागचा सद्हेतू. या सद्हेतूबद्दल मला शंका नाही. पण या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या की दोन्हींचे नुकसान होते, असे माझे मत आहे. सोळा वर्षांच्या मुलाने दूर जावे ते शिकायला. सेवा करावी ती आपल्या गावात, जिथे त्याने केलेल्या कामाचे पुढच्या वर्षी काय झाले हे त्याला पाहावेच लागते.

आधी या योजना का जन्मल्या ते पाहू. ज्यू मुलगा तेराव्या वर्षी बार मित्सवा हा वयात येण्याचा धार्मिक विधी करतो, मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी बात मित्सवा. सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, तोरा हा धर्मग्रंथ वाचला जातो, मोठे जेवण होते आणि त्यानंतर अमेरिकेतील बरीच मुले रविवारची धर्मशिक्षणाची शाळा सोडतात ती कायमची. ज्या वयात खरे प्रश्न पडायला लागतात, नेमक्या त्याच वयात समाजाचा हात सुटतो. प्यू संशोधन केंद्राने २०२० मध्ये अमेरिकी ज्यूंची मोठी पाहणी केली. तुमच्या ज्यू असण्यात अत्यावश्यक काय, या प्रश्नावर ७६ टक्क्यांनी नाझी नरसंहाराची आठवण ठेवणे, ७२ टक्क्यांनी नीतीने जगणे आणि ५९ टक्क्यांनी न्याय व समतेसाठी काम करणे असे उत्तर दिले. इस्राएलविषयीची आस्था ४५ टक्क्यांनी, आणि धर्मशास्त्राचे नियम पाळणे केवळ १५ टक्क्यांनी अत्यावश्यक मानले. समाजाच्या धुरीणांनी हा कल फार पूर्वीच ओळखला होता. प्रार्थनेने न थांबणारा तरुण सेवेने थांबेल, हा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकीचा नाही, पण त्यात एक धोका आहे. सेवा हे मुलांना समाजात टिकवून धरण्याचे साधन झाले की ज्याची सेवा करायची तो माणूसही साधन होतो. त्याची झोपडी आपल्या मुलांच्या घडणीची कार्यशाळा बनते.

या धोक्याची जाण ज्यू परंपरेइतकी बारकाईने फार थोड्या परंपरांनी ठेवली असेल. बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीजने ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मशास्त्रग्रंथात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजू माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे की त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागू नये. त्याखाली, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, असे दान. मग एकालाच दुसरा ठाऊक असलेले दोन प्रकार. समोरासमोर हातात ठेवलेले दान येते थेट पाचव्या पायरीवर, तेही त्याने मागण्याआधी दिले तर. आता दोन आठवड्यांसाठी परदेशी गेलेला, शाळेची भिंत रंगवून तिथल्या मुलांना कडेवर घेऊन फोटो काढणारा किशोर या शिडीवर कुठे बसतो? खालच्या अर्ध्या भागात. त्याचे मन निर्मळ आहे म्हणून पायरी बदलत नाही, कारण मायमोनिडीजने पायऱ्या लावताना मुख्यतः घेणाऱ्याची मान किती ताठ राहते याचे माप धरले आहे.

त्याहून जुना नियम शेतीचा आहे. तोरातील लेवीय या ग्रंथाची आज्ञा अशी की पीक कापताना शेताचा कोपरा सोडून द्यावा, गळलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबाची आणि परक्याची. गरीब स्वतः येऊन कापून नेतो. त्यातले कुणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकारही मालकाला नाही. इथे दात्याला आभार मिळत नाहीत, अनुभव मिळत नाही, काही सांगण्याजोगी गोष्टही मिळत नाही. सेवेची ही कल्पना मला विलक्षण वाटते, आणि फेलोशिपच्या पहिल्याच दिवशी मुलांना हा पाठ वाचायला द्यावा असे वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. समोरासमोर भेटल्याशिवाय श्रीमंत घरातल्या मुलाला गरिबी कळणार कशी? नुसते पैसे पाठवून देणे हे हात झटकणेच नव्हे का? भेट हवीच. पण भेटीतून ज्याला मिळते तो मुख्यतः तो मुलगा आहे, हे मान्य करून भेट घ्यावी. सोळा वर्षांच्या पाहुण्याला गिलावा येत नाही, तिथली भाषा येत नाही, लस टोचता येत नाही. जे काम तो हौसेने आणि अर्धवट करतो, ते तिथला गवंडी रोजावर नीट करतो. मग या भेटीला शिक्षण म्हणावे आणि यजमानांना शिक्षकाचे मानधन द्यावे.

दूर जाऊन केलेली सेवा कधीच खरी नसते असे मात्र मी म्हणणार नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडील विद्यार्थी मिसिसिपीत गेले, कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला. त्यांतले बहुसंख्य गोरे होते आणि गोऱ्यांमध्ये ज्यूंचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पट होते. वीस वर्षांचा अँड्र्यू गुडमन आणि चोवीस वर्षांचा मायकेल श्वर्नर हे न्यू यॉर्कचे ज्यू तरुण आणि मिसिसिपीचाच एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय जेम्स चेनी, या तिघांना २१ जूनच्या रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने ठार मारले. या प्रवासाला सेवा म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. का? बोलावणे तिथल्या लोकांचे होते. बाहेरच्या गोऱ्या विद्यार्थ्यांना आणावे की नाही, यावर स्थानिक कार्यकर्त्यांनी आधी आपसांत कडाक्याचा वाद घातला होता. काय करायचे आणि काय नाही हे त्यांनी ठरवले, ओहायोत आधी प्रशिक्षण दिले, आपल्या घरांत ठेवून घेतले आणि पाहुणे परत गेल्यावरचा सूडही त्यांनीच सोसला. आजच्या किती योजनांमध्ये यजमान ‘तुमची गरज नाही’ असे म्हणू शकतो? जिथे त्याला नकार देता येत नाही, तिथे त्याच्या होकाराला किंमत नाही.

आता प्रवासाची दुसरी बाजू. सेवेचे ओझे उतरवले तर प्रवास काय करू शकतो? एडगर ब्रॉन्फमन या उद्योगपतीने १९८७ मध्ये सुरू केलेली फेलोशिप हे याचे चांगले उदाहरण आहे. दरवर्षी उत्तर अमेरिकेतील सव्वीस विद्यार्थी निवडले जातात. कर्मठ, सुधारक, देव न मानणारे, असे सगळे एकत्र. जोडीजोडीने बसून धर्मग्रंथ वाचायचे, एकमेकांशी वाद घालायचा ही तालमूद या धर्मग्रंथाच्या शाळांतील जुनी रीत इथला गाभा आहे. आज न्यू यॉर्कच्या सेंट्रल सिनेगॉगच्या मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, असलेल्या अँजेला बुखडाल सोळाव्या वर्षी या फेलोशिपमधून इस्राएलला गेल्या होत्या. वडील अमेरिकी ज्यू, आई कोरियन बौद्ध. घरी त्यांच्या ज्यू असण्याबद्दल कुणी शंका घेतली नव्हती. तिथे सोबतच्याच मुलांनी घेतली, कारण कर्मठ शास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येते. हा घाव पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या सोबत राहिला आणि शेवटी त्यांनी रीतसर विधीही करून घेतला, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्या उन्हाळ्यात त्यांनी कुणाची भिंत रंगवली नाही. पण आपण कोण, हे कोण ठरवतो, या प्रश्नाला त्या भिडल्या आणि त्यातून एक रब्बी घडली.

मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी वाटू नये. मिसिसिपीत ते विद्यार्थी गेले त्याच १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कोकणातून गेलेले बेने इस्राएल ज्यू रस्त्यावर उतरले होते. इस्राएलच्या प्रमुख रब्बींनी त्यांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले होते. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, ‘शनवार तेली’ म्हणूनच ओळखल्या गेलेल्या माणसांना ज्यूंच्या देशात ज्यूपण सिद्ध करायला सांगितले गेले. ऑगस्टमध्ये संसदेला विशेष बैठक घेऊन ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे म्हणावे लागले, तेव्हा रब्बींनी निर्देशांतून त्यांचे नाव काढले. इस्राएलला जाणाऱ्या अमेरिकी किशोरांना हा इतिहास शिकवला पाहिजे. वेस्ट बँकमधल्या नाक्यावर ताटकळणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाचे म्हणणेही त्यांनी त्याच्याच तोंडून ऐकले पाहिजे. हमासने केलेली ७ ऑक्टोबर २०२३ ची कत्तल आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंस यांतले एकच दाखवणारा प्रवास मुलांचा विश्वासघात करतो. अस्वस्थ न करणारी सहल घडवायला फेलोशिप कशाला हवी?

शिकायला दूर जावे आणि सेवा घराजवळ करावी, याचा आपल्याकडचा आदर्शही बेने इस्राएलांमधलाच आहे. डॉ. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, १९१९ मध्ये तिथे एम.डी. झाल्या आणि परत आल्या. लहानपणी आपल्या बहिणीवर जिथे उपचार झालेले पाहिले होते, त्याच मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या १९२८ ते १९४७ या काळात पहिल्या भारतीय प्रमुख होत्या. लंडनने त्यांना विद्या दिली. सेवा त्यांनी एका रुग्णालयात, एकाच शहरात, जवळजवळ वीस वर्षे केली.

परदेशी ज्यू तरुण आता मुंबईतही येतात. ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ ही संस्था २०१२ पासून कळव्याच्या वस्त्यांमध्ये मुलांचे शिक्षण आणि आहार यांवर काम करते. तिच्या कामातला मला मोलाचा वाटणारा भाग स्वयंसेवकांचा नाही. मुलांचे जेवण वस्तीतल्याच बाया रांधतात, त्यांना त्याची मिळकत होते. मायमोनिडीजची वरची पायरी म्हणतात ती हीच. बाहेरून आलेल्या तरुणांनी ती पाहावी, समजून घ्यावी आणि आपल्या शहरात तसे काय उभे करता येईल याचा विचार करत परतावे. अलिबागजवळ नवगावला जावे, जिथे जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असे बेने इस्राएल मानतात. एखाद्या घरी पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने वाटला जातो तेव्हा तिथे बसावे. युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांना आपला इतिहास म्हणजे छळाची साखळी, असेच ऐकायची सवय असते. शेजाऱ्यांनी न छळलेले ज्यू जीवन कसे होते, हे त्यांना कोकणात कळेल.

हेलन डिलर यांच्या नावाची, १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली आणि आता अनेक देशांत पसरलेली किशोरांची फेलोशिप एक गोष्ट बरोबर करते. त्यात अमेरिकी मुले सेवाप्रकल्प आपापल्या गावात करतात, आणि प्रवास दुतर्फी असतो. इस्राएलची मुले आधी अमेरिकेत येऊन त्यांच्या घरी राहतात, मग उन्हाळ्यात ही मुले तीन आठवड्यांसाठी तिकडे जातात. मात्र हा दुतर्फी रस्ता ज्यू आणि ज्यू यांच्यामध्येच आहे. गरीब देशांतल्या सेवेच्या योजनांत तो सहसा एकेरी असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलाने कळव्याला यायचे. कळव्याच्या मुलीने तिकडे जायचे, असे कुणाच्या अंदाजपत्रकात नसते. ते असावे, अशी माझी मागणी आहे. जितकी मुले येतील तितकी इथली मुले जावीत. त्यांत ठाण्याची बेने इस्राएल मुले असावीत आणि कळव्याच्या वस्तीतलीही, सगळा खर्च त्याच देणग्यांतून. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात, त्या श्रीमंत शहराच्या मधोमध, पदपथावर झोपणारी माणसे पाहावीत, तिथल्या अन्नछत्राच्या रांगेत उभे राहून वाढावे आणि संध्याकाळी यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर विचारावे की तुमच्याकडे इतका पैसा असून हे असे का. यजमान मुलाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला विमान लागणार नाही.