दोष कोणाचा?



घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही घोडपदेवच्या चाळींतून आणि म्हाडाच्या इमारतींतून फिरत होतो. एका घरी भगिनीने चहा पुढे केला, स्वतः घेतला नाही. हळूच म्हणाल्या, "फादर, मला डायबेटिस निघालाय. बाहेर कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, खाण्यावर ताबा नव्हता. मी तर कधी जाडही नव्हते. माझं काय चुकलं?" त्यांचा जन्म १९८२ चा, गिरणी संपाच्या वर्षातला. नाव न घेता लिहायला त्यांनी संमती दिली आहे.

आम्हाला सेमिनरीत शिकलेला अ‍ॅरिस्टॉटल आठवला. तो म्हणतो, जन्मांधाला कोणी दोष देत नाही. दारूपायी दृष्टी घालवणाऱ्याला मात्र सगळे देतात. मग मधुमेही माणसाला कोणत्या रांगेत बसवायचे?

आधी शरीराचे काम पाहू. अन्नातून शक्ती मिळवणे, ती वापरणे, उरलेली साठवणे आणि झीज भरून काढणे म्हणजे चयापचय. आपण झोपलो तरी ते चालूच असते. भात-चपातीची साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि स्नायू व यकृत ती साखर आत घेतात. राबणारे स्नायू जास्त घेतात. बैठे काम, अपुरी झोप आणि पोटावरची चरबी यांमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते.

"चाळिशीनंतर चयापचय मंदावते," असे आम्हीही म्हणायचो. पण २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर वीस ते साठ या वयात शक्तीचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. मग मंदावले काय? आमचे चालणे! एका संध्याकाळी आठ घरे, आठ कप गोड चहा आणि वर जायला लिफ्ट. हा दोष आमचाच.

पण दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील माता व बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र राखून होती. गर्भात पोषण कमी पडले की शरीर अशी काटकसर करते आणि पुढे तीच महागात पडू शकते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या कितीतरी चुली मंदावल्या. त्या भगिनीचा आजार तिथूनच आला असे आम्ही म्हणू शकत नाही. पण तो त्यांच्या जिभेमुळेच आला, असे म्हणण्याचा अधिकार तरी कोणाला आहे?

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की आईवडिलांचे? प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. त्या माणसासाठी काय करता येईल ते केले. आपणही तेच करावे. मिळालेल्या शरीराचा दोष कोणाचाच नाही. त्याची काळजी घेणे मात्र आपले काम आहे. वेळेवर औषध, पुरेशी झोप, जेवणानंतर थोडे चालणे एवढे तरी जमण्यासारखे आहे. आणि ही काळजी एकट्याने घेता येत नाही. "एका तुकड्याने काय होतंय?" म्हणत केक पुढे करणारे आपणच असतो.

म्हणून येत्या रविवारपासून मिस्सानंतरच्या चहाला साखर वेगळी ठेवू. हवी त्याने घालून घ्यावी. न घेणाऱ्याला कोणी कारण विचारू नये.

आपले धर्मगुरू