उताऱ्याची उत्पत्ती : सत्कार्यवाद आणि एक एक्सेल फाइल

कार्य उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात असते की नसते, या प्रश्नावर सांख्य आणि न्याय-वैशेषिक ही दर्शने परस्परविरोधी भूमिका घेतात. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात अव्यक्त रूपाने आधीपासूनच असते आणि उत्पत्ती म्हणजे केवळ त्याचे प्रकट होणे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत या मताच्या समर्थनार्थ पाच हेतू मांडले आहेत. उलट नैयायिकांच्या असत्कार्यवादानुसार तंतूंपासून वस्त्र विणले जाते तेव्हा एक नवेच द्रव्य जन्माला येते आणि तोपर्यंत तेथे त्या वस्त्राचा प्रागभाव असतो, म्हणजे ज्याला आरंभ नाही पण अंत आहे असा अभाव. हा वाद तपासून पाहण्यासाठी संगणकव्यवहारातील एक रुक्ष उदाहरणही पुरेसे ठरते.

एखाद्या पतसंस्थेच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये खातेदार आपल्या खात्याचा उतारा एक्सेल स्वरूपात मागतो, त्या क्षणापर्यंत तशी कोणतीही फाइल सर्व्हरवर नसते. बटण दाबताच प्रोग्राम डेटाबेसमधील नोंदी वाचतो, स्मृतीतच फाइल रचतो आणि तिचे बाइट ब्राउझरकडे धाडतो. हा मजकूर पडद्यावर दाखवायचा नसून जतन करायचा आहे, हे सोबतच्या ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या शीर्षओळीतून ब्राउझरला कळते. सांख्यमतानुसार येथे नवे काहीच घडत नाही, कारण नोंदी हे उपादान, म्हणजे ज्यातून कार्य घडते ते द्रव्य, आधीच सिद्ध आहे आणि प्रोग्राम हे केवळ निमित्त आहे.

फाइल उघडून आत पाहिले की मात्र हे उत्तर अपुरे वाटू लागते. ‘एक्सएलएसएक्स’ फाइल म्हणजे वस्तुतः एक्सएमएल स्वरूपातील अनेक छोट्या फाइलींचे झिप गाठोडे असून 2006 मध्ये ‘एक्मा-376’ या मानकाने त्याची रचना ठरवून दिली. त्यात नावे बहुधा सामायिक यादीत असतात आणि रकान्यात फक्त यादीतला क्रमांक असतो, तर तारीख ही 1900 च्या आरंभापासून मोजलेली दिवससंख्या असते, म्हणून 1 जानेवारी 2024 च्या जागी 45292 हा आकडा सापडतो. (लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी मेळ राखण्यासाठी या मोजणीत 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे, त्याला कोणत्या कारणात बसवावे, हे सांख्यांनीच सांगावे.) झिपची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जात असल्याने पाठवणी मध्येच तुटली तर सगळ्या नोंदी पोहोचूनही फाइल नीट उघडत नाही. अवयव हजर असूनही अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळे असे पूर्ण द्रव्य, निर्माण झालेले नसते, हे नैयायिकांचे म्हणणे येथे शब्दशः खरे ठरते.

बेरजेच्या रकान्यात मात्र सांख्यांची बाजू बळकट होते. पायथॉनच्या ‘ओपनपायएक्सएल’सारख्या लायब्ररीने सूत्र लिहिले, तर ती बेरीज स्वतः करीत नाही, फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर उत्तर मांडले जाते, आणि केवळ जतन केलेली मूल्ये दाखवणाऱ्या साधनात तोच रकाना रिकामा किंवा शून्य दिसू शकतो. ही बेरीज सूत्रात आणि आकड्यांत निश्चित होती, फक्त व्यक्त झालेली नव्हती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही फाइल खातेदाराच्या संगणकावर उतरली की तिचा डेटाबेसशी संबंध तुटतो. उद्या नोंद दुरुस्त झाली तरी या फाइलीतील आकडा बदलत नाही, आणि त्याच नोंदींवरून दुसऱ्यांदा फाइल काढली तरी आत लिहिलेली निर्मितीची वेळ वेगळी असल्याने ती पहिल्या फाइलीशी बाइटगणिक जुळत नाही. जे केवळ प्रकटीकरण आहे त्याला आपल्या कारणापासून इतके स्वतंत्र होता येऊ नये. म्हणून अशा उताऱ्याच्या बाबतीत नैयायिकांचा आरंभवाद, म्हणजेच असत्कार्यवाद, अधिक ग्राह्य आहे, आणि ‘माहिती डेटाबेसचीच होती’ एवढे सांगून फाइल घडवणाऱ्याला तिच्या उत्तरदायित्वातून सुटता येत नाही. उतारा कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या निकषाने काढला, हे त्याने पहिल्याच ओळीत नोंदवले पाहिजे.