अम्माऊस कोठें आहे?

वाचनाचा भाग : लूक 24:13 ते 35



पवित्र भूमि पाहून आलेल्या मनुष्यास आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन प्रश्न हमखास विचारितात. तेथें जाऊन आल्यानें पदरीं कांहीं अधिक पडतें काय, हा एक. आणि येतांना काय आणिलें, हा दुसरा. हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. ज्या मुलखांत आषाढीला लाखों लोक पायीं पंढरपुरास जातात त्याच मुलखांत आपण जन्मलों. क्षेत्रास जाण्यांत पुण्य आहे ही समजूत बाप्तिस्म्याच्या पाण्यानें एका दिवसांत धुवून जाते, असें कोणी समजूं नये. म्हणून वरील वाचनास धरून, आणि सन 2019 मध्यें त्या देशांत आम्हीं जें पाहिलें त्यास धरून, थोडें सांगतों.

बेथलेहेमास लागूनच बेत साहूर नांवाचें गांव आहे. तेथें एका ख्रिस्ती कुटुंबांत आम्ही उतरलों होतों. मेंढपाळांस देवदूताचें दर्शन झालें तें शेत याच गांवच्या शिवारांत दाखवितात. ग्रीक मंडळी एक जागा दाखविते, लॅटिन मंडळी दुसरी. गांवांत पुष्कळ वस्ती ख्रिस्ती, बोली अरबी, आणि कित्येकांचा धंदा जैतुनाच्या लांकडावर कोरीव काम करण्याचा. आमचा यजमानही तेंच काम करी. घरांत त्याची म्हातारी आई, बायको व मुलें होतीं. तिकडे थोरल्या मुलाच्या नांवानें आईला हांक मारितात, अमक्याची आई म्हणून. म्हणजे आपल्याच खेड्यांतली रीत. आजीला अरबीवांचून दुसरी भाषा येत नव्हती, आम्हांस अरबी येत नव्हती. सकाळीं ती गरम भाकरी, जैतुनाचें तेल आणि रानपाल्याची तीळ घातलेली पूड पुढें ठेवी. ह्या पुडीस ते झातर म्हणतात. आपल्या चटणीची बहीणच ती. आम्ही कोणत्या पंथाचे, आमचे वाडवडील कोण, हें तिनें कधींच विचारविलें नाहीं. पोट भरलें कीं नाहीं, एवढेंच मात्र ती रोज विचारवी.

घराच्या मागें यजमानाच्या आजोबांचें जुनें घर होतें. वरच्या ओट्यावर माणसांनीं राहावयाचें, खालच्या अंगास त्याच छपराखालीं जनावरें बांधावयाचीं, आणि ओट्याच्या कडेलाच गव्हाण. जुन्या माळवदी घरांत वाढलेल्या आपल्या वाचकांस ही रचना समजावून सांगण्याची गरज नाहीं. तें घर पाहतांना लूकाचा दुसरा अध्याय आम्हांस नव्यानें दिसला. मरीयेच्या प्रसूतीच्या वेळीं जी जागा मिळाली नाहीं, तिला मूळ ग्रीकांत जो शब्द आहे तो पैसे देऊन उतरण्याच्या धर्मशाळेचा नव्हे. चांगल्या शोमरोन्यानें जखमी मनुष्यास जेथें नेलें त्या उतारशाळेस लूकानें निराळाच शब्द योजिला आहे. येथला शब्द पाहुण्यांच्या खोलीचा आहे. आणि शेवटल्या रात्रीं प्रभूनें शिष्यांबरोबर जेथें भोजन केलें, त्या खोलीसही तोच शब्द लाविला आहे. यावरून कित्येक विद्वान म्हणतात कीं, योसेफ व मरीया यांस कोणीं दारांतून घालवून दिलें नाहीं. पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून घरच्यांनीं त्यांस आपल्या राहत्या जागेंत घेतलें, आणि बाळास जवळच्या गव्हाणींत निजविलें. आम्हांस हें मत पटतें. नाताळच्या नाटकांत धर्मशाळेचा जो निर्दय मालक आपण दरवर्षीं उभा करितों, त्या बिचाऱ्याचा उल्लेख शास्त्रांत कोठेंच नाहीं.

स्थळें आम्हीं पाहिलीं. बेथलेहेमाचें मंदिर जस्टिनियन बादशहानें सहाव्या शतकांत पुन्हां बांधविलें. त्याचें दार सुमारें चार फूट उंचीचें, त्यामुळें वाकल्यावांचून कोणासही आंत जातां येत नाहीं. खालीं गुहेंत चौदा टोकांचा रुप्याचा तारा बसविलेला आहे. पूर्वींचा तारा सन 1847 मध्यें नाहींसा झाला. पवित्र स्थळांच्या हक्कांविषयीं ग्रीक व लॅटिन यांचा जो तंटा त्या काळीं माजला होता, तो 1853 सालीं सुरू झालेल्या क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांपैकीं एक होय. यरुशलेमांतील पवित्र कबरेच्या मंदिरांत सहा पंथांचे वांटे आहेत, आणि किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याच्या हातीं आहे. दरवाजावरच्या खिडकीखालीं एक लांकडी शिडी टेकविलेली आहे. अठराव्या शतकांतील चित्रांतही ती दिसते. सर्वांच्या संमतीवांचून ती हलवावयाची नाहीं! नगराच्या तटाबाहेर एका बागेंत दुसरी एक कबर आहे. जनरल गॉर्डन यांनीं 1883 मध्यें तिच्या परिसराचा पुरस्कार केल्यापासून ती आपल्या प्रॉटेस्टंट लोकांस फार प्रिय झाली, कारण तेथें धूप नाहीं, दिवे नाहींत, गर्दी नाहीं. परंतु ती ख्रिस्ताच्या कित्येक शतकें आधीं खोदलेली असावी असें शोधक म्हणतात, आणि शुभवर्तमान तर नव्या कबरेविषयीं सांगतें. आवड हा कांहीं पुरावा नव्हे.

हें सर्व आम्हां परदेशी लोकांस सहज पाहतां आलें. आमच्या यजमानाचें तसें नव्हतें. यरुशलेम त्याच्या दारापासून अवघें दहा किलोमीटर. परंतु मध्यें सन 2002 पासून भिंत उभी राहिली होती, आणि पलीकडे जाण्यास त्याला परवाना लागे. सणाला तो कधीं मिळे, कधीं घरांतल्या एकास मिळून दुसऱ्यास मिळत नसे. आजी तर कित्येक वर्षांत गेली नव्हती. संध्याकाळीं आम्ही परत आलों म्हणजे ती नातवाकरवीं विचारी, आज काय पाहिलें? आम्ही सांगत असूं, नातू अरबींत सांगे, ती मान हलवी व आमच्या ताटांत आणखी वाढी. आतां जे क्षेत्रदर्शनांत पुण्य मानितात त्यांनीं उत्तर द्यावें. प्रभूच्या कबरेच्या उशाशीं जन्मलेल्या ह्या म्हातारीला तिकडे जातां येत नाहीं, आणि विमानाचें भाडें भरूं शकणारा समुद्रापलीकडचा मनुष्य तेथें जाऊन गुडघे टेकितो. तर देवानें पुण्य परवान्यावर आणि भाड्यावर ठेविलें आहे काय?

सन 2023 च्या ऑक्टोबरांत युद्ध पेटल्यावर तिकडे यात्रेकरू येणें जवळजवळ थांबलें, आणि त्या वर्षीं बेथलेहेमांत नाताळचा जाहीर उत्सवही झाला नाहीं. यात्रेकरू नाहींत तर कोरीव कामास गिऱ्हाईक नाहीं. ज्या घरांनीं परक्यांस जेवूं घातलें त्यांच्यासाठीं आपल्या मंडळ्यांनीं नांव ठाऊक नसतांही प्रार्थना करावी.

आतां अम्माऊसाकडे वळूं. तें गांव कोणतें याचा निश्चय नाहीं. लात्रूनजवळच्या इम्वास गांवाकडे जुनी परंपरा बोट दाखविते. तें गांव सन 1967 च्या युद्धांत जमीनदोस्त झालें. अबू घोष येथें क्रूसयुद्धांच्या काळचें मंदिर आहे, तें दुसरें ठिकाण. कुबैबे येथें लॅटिन साधूंचें तिसरें. जुन्या हस्तलिखितांतही अंतराचा आंकडा एकसारखा नाहीं. बहुतेकांत साठ स्तादिया, म्हणजे सुमारें सात मैल, आणि कांहींत एकशें साठ. पुनरुत्थित प्रभु ज्या घरीं प्रथम जेवावयास बसला, तें घर देवानें आपणांस दाखविलें नाहीं.

पण तेथें घडलें काय, हें पुरतें लिहिलेलें आहे. वाटेनें प्रभूनें त्या दोघांस मोशेपासून सर्व संदेष्ट्यांचीं वचनें उलगडून सांगितलीं. असा उपदेश कोणा उपदेशकानें कधीं केला नसेल! त्यांचीं अंतःकरणें आंतून पेटलीं, तरी डोळे उघडले नाहींत. गांव आलें तेव्हां तो पुढें जाण्याच्या बेतांत दिसला. क्लयपानें त्या वेळीं नुसता रामराम करून दार लाविलें असतें, तर उत्तम प्रवचन ऐकिलें एवढेंच समाधान त्याच्या पदरीं राहिलें असतें. त्यांनीं त्यास आग्रह केला. तो कोण, कोणत्या कुळांतला, हें त्यांस ठाऊक नव्हतें. दिवस उतरला होता आणि मनुष्य एकटा होता, एवढें ठाऊक होतें. मग आंत बसल्यावर पाहुण्यानेंच भाकर हातीं घेतली, यजमान झाला, आणि तेव्हां त्यांनीं त्यास ओळखिलें.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस विशेषेंकरून हें सांगावयाचें आहे. आपल्या कित्येक गांवांत दोन आळ्यांतून ख्रिस्ती झालेले लोक एकाच बांकावर बसून गीत गातात, आणि उपासना संपल्यावर एकमेकांच्या घरचें पाणी घेत नाहींत. परगांवचा ख्रिस्ती मनुष्य आला तर तांब्या पुढें करण्याआधीं, तुम्ही मूळचे कोण, हा प्रश्न अजून निघतो. कोठें कोठें तर उपदेशकच तो विचारितो. हाच प्रश्न अम्माऊसच्या उंबऱ्यावर निघाला असता तर भाकर मोडलीच नसती. वाडवडिलांपासून अंगवळणीं पडलेली गोष्ट सुटण्यास वेळ लागतो, हें आम्ही जाणतों. परंतु वेळ लागतो असें म्हणत म्हणत आपल्या तीन पिढ्या गेल्या.

राहिला दुसरा प्रश्न. यार्देन नदीचें पाणी बाटलींत भरून आणावें, म्हणजे मुलांच्या बाप्तिस्म्यास होईल, अशी कांहीं मंडळ्यांची इच्छा होती. यरीहोच्या बाजूस जेथें प्रभूचा बाप्तिस्मा झाला असें सांगतात तेथें आम्ही गेलों. वरच्या अंगाला पाणी वळवून घेतल्यामुळें नदी तेथें अरुंद व गढूळ झालेली आहे. पाण्याच्या बाटल्या विकत मिळतात. आम्हीं आणिली नाहीं. ज्या घरीं बाप्तिस्मा असेल त्यांनीं नेहमीप्रमाणें विहिरीचें स्वच्छ पाणी भरून ठेवावें. तें कोणत्या आळीच्या विहिरीचें, हें त्या दिवशीं कोणी विचारूं नये.