आम्ही आणि आपण

जुळी मुलं समोर आली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, यातला कोणता कोण? हा प्रश्न बघणाऱ्याचा असतो, जुळ्यांचा नव्हे. साहित्यातही शेकडो वर्षं तोच चालला. रोमन नाटककार प्लॉटसनं त्यावर नाटक रचलं. शेक्सपिअरनं 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये एकाऐवजी जुळ्यांच्या दोन जोड्या आणल्या. १८६९ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी ती गोष्ट बंगालीत नेली आणि १९८२ मध्ये गुलजारांचा 'अंगूर' आला. दोन अशोक, दोन बहादूर. जुळ्यांना वेगळं नावसुद्धा नाही. घोटाळा रंगतो, पण त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायला कोणाला सवड नसते.

ती सवड कादंबरीनं काढली. एरिश केस्टनरच्या १९४९ सालच्या जर्मन बालकादंबरीत लुइझ आणि लोट्टे सुट्टीत योगायोगानं भेटतात. आईवडिलांनी वेगळं होताना लेकी वाटून घेतलेल्या. मुली नावं आणि घरं बदलतात. व्हिएन्नाची म्युनिकला जाते, म्युनिकची व्हिएन्नाला. ज्या सारखेपणानं आधी फजिती व्हायची, त्याच सारखेपणानं मुली मोडलेलं घर सांधतात.

ब्रूस चॅटविनच्या 'ऑन द ब्लॅक हिल'मध्ये (१९८२) त्याच सारखेपणाचं ओझं होतं. वेल्सच्या सीमेवरचे शेतकरी भाऊ ल्युइस आणि बेंजामिन बेचाळीस वर्षं आईवडिलांच्या पलंगावर शेजारी शेजारी झोपतात. ल्युइसला विमानांची ओढ, बेंजामिनला भाऊ पुरेसा. त्या एका पलंगात माया आहे आणि कोंडमाराही.

मला सर्वांत हलवून टाकते ती अगोता क्रिस्तोफ. १९५६ मध्ये हंगेरीतून तान्ह्या लेकीसह पळालेली ही बाई स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या कारखान्यात राबली आणि परक्या फ्रेंच भाषेत लिहू लागली. 'ल ग्रां काये' (१९८६) ही कादंबरी युद्धकाळात आजीकडे सोडलेली दोन जुळी मुलं स्वतःच सांगतात. दोघांना नावं नाहीत. पहिल्या पानापासून फक्त 'आम्ही'.

फ्रेंचमध्ये यासाठी एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्यांतलं अंतर आपल्याला लहानपणापासून कळतं. 'आपण'मध्ये ऐकणारा असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. ही मुलं वाचकाशी बोलतात ती 'आम्ही' म्हणूनच, दार लावून घेऊन. दाराआड, एकमेकांशी, ती 'आपण' म्हणत असणार. इतकी वर्षं बाहेरून पाहिलेलं जुळेपण मला या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून आतून दिसलं.

शेवटी सीमा ओलांडताना सुरुंगावर पाय पडून वडील मरतात. त्यांच्या देहावरून पाऊल टाकत एक मुलगा पलीकडे जातो, दुसरा आजीच्या घरी परततो. पुढच्या भागात 'आम्ही' संपलेलं असतं आणि मागे राहिलेल्याला पहिल्यांदा नाव मिळतं, लुकास. नाव मिळतं, पण ज्याला 'आपण' म्हणावं असं जवळ कोणी उरलेलं नसतं.