यंत्राच्या हाती सूत्रे देण्याआधी लिहून ठेवा

रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्यावरून मासेमारीला निघालेल्या नौका दिसतात. अशा 1 लाख नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाला. 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश, सुमारे 360 कोटींचा खर्च आणि इस्रोचे तंत्रज्ञान असा तिचा विस्तार आहे. वादळाचा इशारा तांडेलापर्यंत पोहोचावा आणि बुडत्या नौकेची हाक किनाऱ्यावर ऐकू यावी, हा तिचा हेतू. हेतू उत्तमच आहे.

पण लाखभर उपकरणे एकेक करून सांभाळणे माणसांच्या आवाक्यात नसते. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजमेंटची साधने असतात. उपकरणाची नोंदणी करणे, त्याची प्रणाली अद्ययावत करणे, ते दुरून कुलूपबंद करणे किंवा त्यातील सर्व माहिती पुसून टाकणे, ही त्यांची कामे. आजवर या आज्ञा माणूस देत होता. आता हे काम एआय एजंटकडे सोपवण्याची तयारी जगभर चालू आहे. एजंट म्हणजे उद्दिष्ट सांगितले की पुढची पावले स्वतः ठरवून ती अमलात आणणारा प्रोग्राम. कोकणही यापासून लांब नाही. 1981 पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने 2025 मध्ये प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. नौकांची यंत्रे उद्या एजंटच्या हाती जातीलच असे नाही. पण जाण्याआधी एक प्रश्न सोडवलाच पाहिजे. डिव्हाइस मॅनेजमेंटच्या त्या साधनाची माहितीपुस्तिका कोण लिहिणार, आणि तिच्यात काय लिहिणार?

समजा, पुस्तिकेत एवढेच लिहिले आहे: ‘60 दिवस संपर्कात नसलेली उपकरणे निकामी समजून यादीतून काढावीत.’ असे नियम या साधनांत सर्रास असतात, आणि वाक्य वाचायला निर्दोष आहे. पण आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या आणि झाकलेल्या असतात. 61 दिवस त्यांची यंत्रे मुकी राहिली, तर एजंट आज्ञेला धरून नौकांची सगळी यादी साफ करील, तीही हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर. ऑगस्टच्या खवळलेल्या दर्यात मदतीची हाक जाईल, पण यादीत ती नौकाच नसेल. मत्स्यखात्यातला साधा कारकूनसुद्धा ही चूक करणार नाही, कारण पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या असतात हे त्याला कोणी लिहून द्यावे लागत नाही. एजंटला ते लिहूनच द्यावे लागते.

माहितीपुस्तिकेचे स्वरूपच इथे बदलले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये प्रत्येक साधनाचे वर्णन शब्दांत एजंटपुढे ठेवले जाते आणि ते वाचून तो काय वापरायचे हे ठरवतो. म्हणजे पुस्तिकेतले वाक्य आता आज्ञेच्या तोलाचे झाले आहे. जे लिहायचे राहिले, तिथे एजंट स्वतःचा अंदाज चालवतो. म्हणून प्रत्येक आज्ञेपुढे ती काय करते, केलेले परत फिरवता येते की नाही, कोणाच्या संमतीशिवाय ती चालू नये, नोंद कुठे राहते आणि एजंटला थांबवायचे कसे, हे लिहिलेच पाहिजे. कुलूप लावणे आणि पुसून टाकणे या दोन आज्ञा एका ओळीत शेजारी मांडणे हा बेजबाबदारपणा आहे.

अर्थात नुसते लिहून भागत नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील एका एजंटने बदल करू नका अशी स्पष्ट सूचना असताना चालू डेटाबेस पुसून टाकला. म्हणून पुस्तिकेतली मनाई साधनाच्या रचनेतही बांधलेली हवी; माणसाच्या मंजुरीविना घातक आज्ञा चालताच कामा नये. दुरून चालवलेल्या एका चुकीची व्याप्ती किती असते, हे 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने दाखवले. सुमारे 85 लाख संगणक त्या दिवशी बंद पडले.

काही अभियंते म्हणतात, पुस्तिका एजंटच लिहील. त्याने मसुदा खुशाल करावा. पण बंदीकाळ, उधाण, खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ हे कोडमध्ये सापडत नाही. ते तांडेलाला ठाऊक असते. त्याला विचारल्याशिवाय लिहिलेली पुस्तिका अपुरी, आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीशिवाय ती निनावी.

आणि ती मराठीत हवी. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढले, तेव्हा मराठी व इंग्रजी मजकूर एकाच अंकात छापला. नवे ज्ञान मोजक्यांच्या भाषेत अडकू नये, हा त्यांचा आग्रह. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय नागरिकाला दिली आहे. ज्या यंत्रावर खलाशाचा जीव अवलंबून आहे, त्याचे नियम त्याला कळू नयेत, हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांनी, नगरपरिषदांनी आणि प्रत्येक सरकारी कार्यालयाने एक अट घालावी: मराठीतली, तारीख घातलेली, सही असलेली आणि स्थानिकांनी तपासलेली पुस्तिका हाती आल्याशिवाय कोणत्याही एजंटला एकाही उपकरणाचा ताबा द्यायचा नाही. आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींनो, या पुस्तिका लिहायला तुम्हीच पुढे या. हे दुय्यम काम नाही. यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.